बिदरची चार पोती आन् ईरण्णाचा पाय

बिदरला जायचं ठरलं ते निलाच्या लग्नाच्या लुगड्यापायी. आता सगळी म्हणतेत खेळ बघायला गेलतीस, तर म्हणू द्या. माझी लेक निला माझ्या धाकट्या भावाला, ईरण्णाला, द्यायची ठरलती. आमच्या बसवण्णाला मानणाऱ्या घरांत भाचीवर पयला हक्क मामाचा. सुपारी फुटलती, ज्येष्ठातली तिथी तेवढी काढायची ऱ्हायलती. त्यात खबर आली की माघात बिदरच्या किल्ल्याजवळ बेसबालचे सामने हायेत, ईरण्णा खेळणार, माझा लेक मन्मथ बी खेळणार. म्हणलं, लुगडं बी होतंय, नवरदेव बी बघून होतोय, आन् जन्मात बिदर बघितलं न्हाई ते बी होतंय. आमचे मालक रझाकाराच्या सालात बाजाराला म्हणून गेले ते आलेच न्हाईत. तवापासून आमच्या भालकीकडच्या मेहकरची शीव मी दोनदाच वलांडली व्हती, आन् दोन्ही बारीला मौतीला.

आदी बेसबाल म्हंजे काय ते सांगते, न्हाईतर पुढचं वट्ट कळायचं न्हाई. मला बी कळत नव्हतं. मी चार यत्ता शिकलेली, त्या बी उर्दू मास्तराच्या छडीखाली, त्यात हे कुठलं यायचं. बिदरच्या एका शाळेवर दोन सालांसाठी एक अमेरिकन सायब आलता. बांबूवाणी उंच, ऊन लागलं की गाजरावाणी लाल. त्यानं गावोगावच्या मास्तरांना आन् पोरांना शिकवलं, त्यात ईरण्णा आन् मन्मथ बी. चार कोपऱ्यांना भुसकटानं भरलेली चार पोती ठिवायची. एकानं चेंडू फेकायचा, दुसऱ्यानं दांडक्यानं हाणायचा आन् पळत सुटायचं. पयलं पोतं, दुसरं, तिसरं, आन् फिरून जितनं निघाला त्या चवथ्या पोत्यावर यायचं. ह्या चवथ्याला सायब घर म्हणायचा. घराला पाय लागला की एक गुण. त्याच्या आदी कुणी चेंडू आणून अंगाला लावला की बाद. एवढी धापा टाकत पळापळ करून माणूस निघाला तितंच परत येतो, त्याला गुण कशाचा देतेत ते मला अजून कळलं न्हाई.

सायब मास्तरांना तिकडच्या गोष्टी सांगायचा. मन्मथ ऐकून यायचा आन् मला चुलीपाशी सांगायचा. तिकडं म्हणे ह्या खेळात देश देशाशी भिडतेत. समुद्रात एक बेट हाय, त्याला हा खेळ सायबाच्याच मुलकानं शिकवला, आन् आता ते बेट देवाला दुसरं काही मागत न्हाई, सायबाच्या मुलकाला हरवू दे एवढंच मागतंय. जपानचं बी तसंच. लढाईत शहरंच्या शहरं जळाली, आन् आता झेंडे घेऊन एका चेंडूमागं पळतेत. ज्याच्या हातून चेंडू सुटला त्याला त्याच्याच गावात पाणी कुणी इचारत न्हाई. सायब हे हसत हसत सांगायचा. आमच्या मास्तरांनी मनावर घेतलं.

ते दिवसच तसले. हैद्राबाद संस्थान मोडायचं, भाषेपरमाणं वाटायचं, बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे व्हायचे, ह्याच्याबिगर पारावर दुसरं बोलणं नव्हतं. मंग सामन्याला बी तीन देश केले. मराठी, कन्नड आन् तेलंगी. तीन रंगांचे झेंडे शिवले. कोण कुठल्या देशाचा हे ठरवायला एक कारकून टेबल मांडून बसला, आन् प्रत्येकाला एकच सवाल, घरात काय बोलता. ईरण्णा म्हणला, बायकांशी कन्नड, बैलाशी मराठी, अमलदाराशी उर्दू. कारकुनाला गंमत कळली न्हाई, त्यानं कन्नड लिहिलं. मन्मथनं तेच उत्तर उलटं करून दिलं, तर त्याला मराठीत घातलं. खटकचिंचोळीला माझ्या माहेरात एकाच पाळण्यात दोघं झोपलेली, ईरण्णा चार सालांनी मोठा एवढाच काय तो फरक.

मेहकरहून भालकीला आमी बैलगाडीनं गेलो. तुमाला जायचं असलं तर झुंजुमुंजुलाच निघा, ऊन चढलं की काळ्या मातीच्या चाकोरीत गाडी आसली आपटतीया की दात मोजून घ्यावे लागतेत. संगट कडक भाकरी, शेंगाची चटणी आन् पाण्याची कळशी पायजे. वाटंत ओढे हायेत पण माघात त्यात पाणी कमी आन् म्हशी जास्त. भालकीहून आगगाडी. तिकीट काही आण्यांचं हाय, पण कलदार पैसा ठिवा, जुना हाली रुपाया आता बरेचजण घेत न्हाईत. खिडकीवर मी उगंच एक हाली रुपाया सरकवून बघितला. तिकीटबाबू म्हणला, आजी, हा निजामाला नेऊन द्या. मी म्हणले, त्याच्याकडं लई हायेत, तुमालाच गरज दिसायलीय. आन् आजी कुणाला म्हणतोस.

ईरण्णा चिंचोळीहून भालकीला आलता, त्याच गाडीत चढला. रुंद छातीचा गडी, पण निला समोर आली की कान लाल व्हायचे. मी त्याला सोडते व्हय. डब्यातल्या लोकांना सांगितलं, ह्याला म्या न्हाऊ-माखू घातलंय, लहानपणी शिकेकाई डोळ्यात गेली की गाव गोळा करायचा, आता माझा जावई व्हायलाय, तर सासूचे पाय चेपायला आतापासनं शिकवते. लोकं हसली. निला खिडकीतनं बाहेर बघत व्हती, बाहेर बघण्यासारखं तुरीच्या खुंटांबिगर काही नव्हतं.

तवाच एक झालं, मी लक्ष दिलं न्हाई. गाडीनं गचका दिला आन् ईरण्णाचा पाय मन्मथच्या गुडघ्याला लागला. ईरण्णा लगेच वाकला, गुडघ्याला हात लावला, तो हात आपल्या डोळ्यांना लावला, आन् बोलत व्हता ते पुढं बोलत ऱ्हायला. मामानं भाच्याला मारलं, पाय लावला, तर म्हातारपणी मामाचे हात थरथरतेत, हे आमच्यात शेंबडं पोर बी जाणतंय. मन्मथ अंगणात निजलेला आसला तर ईरण्णा त्याला वलांडत सुदिक न्हाई, वळसा घालून जातो. हे काही कुणी शिकवत न्हाई. अंगातच आसतंय.

बिदर लाल हाय. माती लाल, किल्ला लाल, संध्याकाळी माणसं बी लाल दिसतेत. गावाच्या मधोमध चौबारा म्हणून एक गोल बुरूज हाय, चारी रस्ते तितं येऊन मिळतेत, चुकलात तर तितं येऊन उभं ऱ्हावा. जवळच जुना मदरसा हाय, अर्धा पडलेला. उरलेल्या भिंतीवर निळ्या फरशा आजून चकाकतेत. बिदरी काम करणारे गल्लीत बसलेले आसतेत, काळ्या भांड्यावर चांदीची तार ठोकत. काळा रंग किल्ल्यातल्या मातीनंच येतो म्हणे, दुसरी माती चालत न्हाई. आमी एका मठात उतरलो. तितं जेवण कुणालाच नको म्हणत न्हाईत, पंगतीला बसा, खावा, ताट आपलं आपण घासा. बायकांना वेगळी वसरी हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुगडं घेतलं. हिरवं इरकल, लाल काठाचं. दुकानदारानं निलाला इचारलं, पोरी, पसंत हाय का. निला म्हणली, मायला इचारा, नेसायचं मी पण बोलायचं ती. माझीच लेक. दुपारी कन्नडवाल्यांचा सामना तेलंग्यांशी व्हता. किल्ल्याच्या खंदकाबाहेर मोकळं मैदान हाय, तितं लोकं झाडांवर सुदिक बसलेली.

त्या दिवशी ईरण्णाचं काम बघितलं. घराच्या पोत्यामागं बसायचं त्याचं काम. हातात चामड्याचा मोठा पंजा, जुन्या मोटेच्या कातड्याचा शिवलेला. तिकडनं कुणी पळत घराकडं निघाला की ईरण्णा डावा पाय पोत्याच्या पुढं आडवा टाकायचा. चेंडू हातात यायच्या आदी त्यो गडी त्या पायाला आडायचा, पडायचा, आन् मंग ईरण्णा सावकाश चेंडू त्याच्या पाठीला लावायचा, लेकराला अंगारा लावल्यावाणी. तेलंग्यांचे पाच गडी त्या पायाला अडखळले. एकाचं तोंड फुटलं. लोकांनी ईरण्णाला नाव ठिवलं, कवाड. कन्नडवाल्यांचा कप्तान मल्लप्पा, भालकीच्या अडतीवरचा मुनीम, जाडजूड माणूस, त्यो सगळ्यांना सांगत सुटला की आमच्या घराला कवाड हाय. तेलंगी हरले. दुसऱ्या दिवशी शेवटचा सामना, मराठी आन् कन्नड.

आन् आता मी माझ्या तोंडाचं सांगते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मठात पंगत बसली. गव्हाची हुग्गी व्हती, खिरीवाणी गोड, वर तूप. दोन्ही देशांचे गडी एकाच ओळीत, स्वामींनी कुणाला वेगळं बसू दिलं न्हाई. पण बोलत कुणीच नव्हतं. आदल्या सांजेला बाजारात दोन्हीकडच्या लोकांची ढकलाढकली झालती, बिदर कुणाचं म्हणून. मला ते गप बसणं सोसंना. मी वाढायला उठले व्हते, पळी हातात. ईरण्णाच्या ताटात हुग्गी घातली आन् सगळ्यांना ऐकू जाईल आसं म्हणले, "ईरण्णा, आज माझ्या लेकाला पाय आडवा घातलास तर पोरगी देणार न्हाई बघ. सायबाला दिईन. उंच बी हाय, गोरा बी हाय."

सगळी पंगत हसली. ईरण्णा ताटातनं मान वर न करता म्हणला, "मंग लुगडं सायबालाच नेसव, अक्का. पाय तर मी घालणार."

सगळ्यात मोठ्यानं हसला मल्लप्पा. हुग्गी नाकात गेली त्याच्या. निलानं मागनं येऊन माझ्या दंडाला आसा चिमटा काढला की चार दिवस निळं व्हतं. मला बरं वाटलं. म्हणलं, बोलायला तर लागली.

सामना सुरू झाला तवा ऊन तिरपं झालतं. बाया मोजक्याच, मी, निला, दवाखान्यातल्या दोन नर्सबाया आन् बोरं इकणाऱ्या. एका अंगाला भगवट झेंडे, दुसऱ्या अंगाला पिवळे. ही सगळी तोंडं माझ्या वळखीची. भालकीच्या बाजारात ह्याच लोकांनी मला मिरच्या इकल्या, माझ्याकडनं हरभरा घेतला, कन्नडमधनं घासाघीस केली आन् मराठीत शिव्या दिल्या. आज एकमेकांकडं बघत व्हते ते रझाकाराच्या सालात माणसं दार लावून फटीतनं बघायची तसं. सायब मधी उभा, त्योच न्याय करणारा, हसून सगळ्यांना हात करायलाय. त्याला वाटलं आसंल, त्याच्या मुलकासारखं झालं.

तास-दीड तास चाललं. किती गुण झाले ते मला सांगता येत न्हाई, पण शेवटाला बरोबरी हाय आन् मराठीवाल्यांचा एकच गडी खेळायचा ऱ्हायलाय, एवढं लोकांच्या तोंडावरनं कळलं. मन्मथ तिसऱ्या पोत्यावर उभा. घर समोर, दहा-वीस पावलांवर. घरामागं त्याचा मामा. झेंड्याचं कापड फडफडलेलं ऐकू यायलं.

गड्यानं चेंडू हाणला. मन्मथ सुटला. लांबनं हुलसूरच्या एका पोरानं चेंडू उचलून फेकला, सरळ, सुतात धरल्यावाणी. ईरण्णानं डावा पाय आडवा टाकला. मी बघितलं, टाकला. दाराला आडणा लावावा तसा टाकला. मन्मथ खाली मुंडी घालून येत व्हता, त्याला पाय दिसला बी नसंल. चेंडू येत व्हता. मन्मथ हातभर अंतरावर आला, आन् ईरण्णाचा पाय मागं गेला.

लई न्हाई. इतभर. चटका बसल्यावर काढून घेतो तसा.

चेंडू पंज्यात धप्पकन बसला, ईरण्णानं तो मन्मथच्या खांद्याला लावला बी, पण मन्मथचा पाय पोत्यावर पडलाता. सायबानं दोन्ही हात आडवे पसरले. मराठी जिंकले.

पुढचं मी सावकाश सांगू शकत न्हाई. इकडनं लोकं मैदानात घुसली, गुलाल उडाला, मन्मथला उचलून खांद्यावर घेतलं. तिकडनं बी लोकं घुसली, त्यांच्या हातात गुलाल नव्हता. ईरण्णा तसाच बसलाता, चेंडू हातात धरून, आपल्याच पायाकडं बघत. मल्लप्पा त्याच्यापुढं जाऊन उभा ऱ्हायला. वरडला न्हाई. नुसतं इचारलं, "पोरगी मिळाली का रे?"

ईरण्णानं वर बघितलं. पाय कसा निघाला, त्याला त्याचंच कळलं नव्हतं.

पयला हात मल्लप्पाचा न्हाई, एवढं त्याच्या बाजूनं सांगते. तो कुणाचा ते मला ठाव न्हाई. मी पळत गेले, लुगडं सावरत, गर्दीत घुसले आन् वरडले की आरं मी बोलले व्हते, मी, गंमत केली म्या, त्याचं काही न्हाई त्यात. आन् जितकं मी वरडले तितकं एकानं दुसऱ्याला सांगितलं, बघा, हीच ती, सासू, आपल्या तोंडानं कबूल करायलीय. सकाळी पंगतीत हसलेला एक गडीच बोट दाखवून सांगत व्हता. एकानं ते खेळायचं दांडकं उचललं. ईरण्णानं डोकं वाचवायला उजवा हात वर केला.

मी मान फिरवली तवा मन्मथ दिसला, लांब, लोकांच्या खांद्यावर, तोंड गुलालानं लाल. त्याला तितनं सगळं दिसत व्हतं. खाली उतरायला त्यानं अंग झटकलं, लोकांनी मांड्या धरून ठिवल्या. मंग त्यानं झटकायचं थांबवलं. हे मी त्याला कधी बोलले न्हाई. त्याला ठाव हाय की म्या बघितलं.

सायबानं गर्दी फाडून ईरण्णाला उचललं. दोन शिपाई नंतर आले, सगळं पांगल्यावर.

दवाखान्यात ईरण्णाच्या उजव्या हाताची बोटं लाकडाच्या पट्ट्यांत बांधली. हाडं बसतील पण मूठ पयल्यासारखी वळंल का ते सांगता येत न्हाई म्हणले. सायब भाईर बाकड्यावर माझ्या शेजारी बसला, त्याच्या सदऱ्यावर रगत. नर्सबाईला मराठी येत व्हतं, तिच्यामार्फत त्यानं इचारलं, त्यानं पाय कामून काढला. मी सांगितलं, समोर भाचा व्हता, मामा भाच्याला पाय लावत न्हाई. सायबाला ते चार बारी सांगावं लागलं. त्यो म्हणला, पण हा खेळ व्हता. मी म्हणले, खेळ आसंल, पाय तर त्याचाच हाय ना.

सायबानं सदऱ्यावरचं रगत बघितलं. मंग नर्सबाईला काहीतरी म्हणला. ती म्हणली, सायब म्हणतेत त्यांनी त्या बेटाच्या गोष्टी सांगायला नको व्हत्या. मी म्हणले, त्यांना सांगा, हितं पंगतीत बोलणारी तर मी व्हते.

चवथ्या दिवशी परतीची गाडी. बिदर टेसनावर मराठी गडी एका डब्यात बसले, कन्नड गडी दुसऱ्यात. येताना सगळे मिसळून बसलेते. ईरण्णा कुठल्याच डब्यात जाईना, म्हणून आमी त्याला घेऊन शेवटच्या डब्यात चढलो, कोंबड्यांच्या पाट्या घेतलेल्या बायांबरोबर. मन्मथ आमच्यात बसायला आला. ईरण्णानं सरकून जागा दिली, पण पाय पार पोटाशी घेऊन बसला, पुन्यांदा लागू नये म्हणून.

भालकीला उतरलो. त्याला चिंचोळीची वाट, आमाला मेहकरची. आमची गाडी जुपत व्हते तवर ईरण्णा लिंबाखाली उभा व्हता, गळ्यात झोळी बांधून त्यात हात. म्हणला, "अक्का, तिथी काढू नको."

मी म्हणले हात बरा होऊ दे, मार्गशीर्षात करू.

"हाताचं न्हाई. मी निलाला करून घेतली तर पाय इकला आसं होतंय. आता ते खोटं बोलायलेत. लग्न लागलं की खरं बोलतील."

मी लई समजावलं. चिंचोळीत कुणी बोललं तर मी येऊन त्यांच्या तोंडाला लागते म्हणलं. त्यो हसला, मार खाल्ल्यापासनं पयल्यांदा. माझ्या तोंडावर त्याचा आता भरवसा न्हाई हे त्या हसण्यात मला दिसलं. निला गाडीत बसली व्हती, मांडीवर लुगड्याचं गठुडं. ती खाली उतरली. त्याच्यासमोर जाऊन उभी ऱ्हायली, कधी नव्हे ती नजर वर करून.

"मामा, पाय काढताना तुमाला माझी आठवण आली व्हती का?"

त्यानं खोटं सांगितलं आसतं तर दोघांचं बी बरं झालं आसतं. मी मनात म्हणत व्हते, व्हय म्हण, व्हय म्हण.

"न्हाई गं," ईरण्णा म्हणला. "कुणाचीच न्हाई आली. पाय आपला आपण निघाला."

निलानं मान हलवली. गाडीत जाऊन बसली. मेहकर येईपर्यंत तिनं ते गठुडं मांडीवरनं खाली ठिवलं न्हाई.

घरी आल्यावर लोकांना बिदरची हौस. चौबारा कसा हाय, किल्ला केवढा हाय. मी सगळं सांगितलं, तुमाला सांगितलं तसंच. जायचं आसलं तर जरूर जा, माघात हवा चांगली आसती, मठात जेवण चांगलं आसतंय. मन्मथला बक्षीस मिळालेला बिदरीचा पेला कोनाड्यात हाय, पालथा. त्यो परत खेळला न्हाई. खटकचिंचोळीत तीन म्हैने ईरण्णाला पिठाच्या गिरणीवर कुणी नंबर देत नव्हतं, आमच्या थोरल्या भावाची म्हातारी बायको दळण डोक्यावर घेऊन शेजारच्या गावाला जायची. अडतीवर मल्लप्पा त्याचा माल घेईना. आता नकाशा ठरलाय म्हणतेत, दिवाळीच्या आसपास संस्थान मोडणार. मेहकर बी म्हैसूरकडं, चिंचोळी बी म्हैसूरकडं. मराठी बी तिकडंच, कन्नड बी तिकडंच. ज्या गावासाठी डोकी फुटली ते बी तिकडंच. उदगीर तेवढं मुंबईकडं जायचंय, आन् माझी निला उदगीरजवळ दिलीया.

व्हय, दिली. ज्येष्ठातच, दुसऱ्या घरी. तेच हिरवं इरकल नेसून. पोरगा बरा हाय, शिक्षक हाय, लई बोलत न्हाई.

नवरीला मांडवात आणायचं काम मामाचं. मला वाटलं ईरण्णा येणार न्हाई. त्यो आला. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. निलाला दंडाला धरून मांडवात आणली, पाटावर उभी केली आन् रिवाजापरमाणं मागं उभा ऱ्हायला, अक्षदा हातात घेऊन. त्या हाताची मूठ वळत न्हाई, आन् त्यो थरथरतो. तांदूळ बोटांमधनं खाली गळायले, निलाच्या पाठीवर, हिरव्या लुगड्यावर. एकेक दाणा.

नवऱ्याकडची एक म्हातारी पुढंच बसली व्हती. उदगीरकडची, तिला आमचं काही ठाव न्हाई. माझ्यावाणीच तोंडाळ दिसली. हसून म्हणली, "मामा, हात कामून कापायलाय? भाच्याला मारलंत वाटतं कवातरी."

मन्मथ खांबाला टेकून उभा व्हता, त्यानं खाली बघितलं. निलाची पाठ ताठ झाली. माझ्या जिभेवर उत्तर आलं, त्या म्हातारीला आयुष्यभर ध्यानात ऱ्हाईल आसलं उत्तर. मी गिळलं.

ईरण्णानं डावा हात उजव्याखाली धरला, म्हंजे तांदूळ सांडू नयेत.

"व्हय आजी," म्हणला. "मारलं."